बडोद्याआधीचे अंकोट्टक

बडोदे पाहण्यास जाणारा मराठी प्रवासी बहुधा लक्ष्मीविलास राजवाड्यापासून प्रारंभ करतो आणि सयाजीबाग, न्यायमंदिर, सुरसागर तलाव अशी ठिकाणे पाहून सायंकाळी शहराचा निरोप घेतो. हे स्वाभाविकही आहे, कारण गायकवाडांनी १७३४ मध्ये हे शहर घेतल्यापासून तिसऱ्या सयाजीरावांचे १९३९ मध्ये निधन होईपर्यंतच्या काळात येथील बहुतेक ठळक वास्तूंवर एका मराठी राजघराण्याची मुद्रा उमटलेली आहे. तथापि या शहराच्या दीर्घ आयुष्यात गायकवाडी अंमल हा अगदी अलीकडचा कालखंड ठरतो. विश्वामित्री नदीच्या पश्चिम तीरावर, जुन्या शहराच्या समोरच्या अंगाला, अकोटा नावाचा जो गजबजलेला निवासी भाग आज आहे, तेथे अंकोट्टक नावाचे नगर नांदत होते, आणि ते भरभराटीत असताना बडोदे हे त्याच्या अमलाखालील एक खेडे होते.

या विधानाला सबळ लेखी पुरावा आहे. राष्ट्रकूट घराण्याच्या लाट शाखेतील, म्हणजे दक्षिण व मध्य गुजरातवर राज्य करणाऱ्या शाखेतील, सुवर्णवर्ष कर्कराज या राजाने शके ७३४, म्हणजे इ. स. ८१२ मध्ये दिलेल्या दानाचा ताम्रपट उपलब्ध असून, त्यात ‘अंकोट्टक चौऱ्याऐंशी’मधील वडपद्रक हे गाव वलभीहून आलेल्या भानू नावाच्या ब्राह्मणास दिल्याचे नमूद आहे. ‘चौऱ्याऐंशी’ म्हणजे एका मुख्य ठाण्याच्या अधिकारात येणारा चौऱ्याऐंशी गावांचा गट. त्या गटाचे नाव अंकोट्टकावरून पडलेले आहे, तर दान दिलेले वडपद्रक म्हणजेच आजचे बडोदे. याच ताम्रपटाला महाराष्ट्राच्या इतिहासातही मोठे स्थान आहे, कारण कर्कराजाच्या पूर्वजांचे वर्णन करताना त्यात कृष्णराजाने एलापूर येथे बांधविलेल्या शिवमंदिराची स्तुती आली आहे: ते पाहून देवही विस्मित झाले आणि ज्याने ते घडविले त्या शिल्पकारालाही आपण हे कसे केले याचे नवल वाटले, असा तिचा आशय आहे. रा. गो. भांडारकरांसारख्या विद्वानांनी या उल्लेखाची चर्चा केली, आणि वेरुळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील आहे, हे सिद्ध करण्यास हा ताम्रपट मुख्य आधार ठरला. बडोद्याचा आणि वेरुळचा उल्लेख एकाच दानपत्रात यावा, हा योग मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

अंकोट्टकाची जागा व्यापाराच्या दृष्टीने मोक्याची होती. पावागडच्या परिसरात उगम पावणारी विश्वामित्री पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते, आणि दक्षिणेस असलेले भृगुकच्छ, म्हणजे भडोच, हे प्राचीन बंदर व माळव्यातील उज्जयिनी यांना जोडणाऱ्या प्रदेशात हे नगर येते. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाचे बेंडापुडी सुब्बाराव यांनी १९५०च्या दशकाच्या प्रारंभी येथे उत्खनन करून ‘बडोदा थ्रू द एजेस’ हा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासूनच्या वस्तीचे थर त्यामुळे उजेडात आले. येथे मिळालेली, ग्रीक प्रेमदेव इरॉस याची आकृती असलेली ब्राँझच्या पात्राची मूठ ही रोमन जगाशी चाललेल्या देवघेवीची साक्ष मानली जाते. पुढे लोकवस्ती हळूहळू नदीच्या पूर्व तीरावर सरकली. विश्वामित्रीचे पूर हे त्याचे कारण सांगितले जाते, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये याच नदीने शहराचा मोठा भाग पाण्याखाली नेला हे लक्षात घेतले, तर ते कारण सहज पटते.

अंकोट्टकाची खरी कीर्ती मात्र त्याच्या कांस्यमूर्तींमुळे आहे. १९५१ मध्ये अकोट्याच्या भूमीत जैन कांस्यमूर्तींचा एक मोठा निधी सापडला. ‘निधी’ म्हणजे एकाच ठिकाणी पुरून ठेवलेला मौल्यवान वस्तूंचा साठा. संकटकाळी मंदिरातील मूर्ती अशा रीतीने जमिनीत लपविण्याची प्रथा भारतात सर्वत्र आढळते. या निधीत लहानमोठ्या ६८ वस्तू होत्या आणि त्यांचा काळ सुमारे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत पसरलेला आहे. यावरून इतके निश्चित होते की, येथे सलग काही शतके पूजा चालू असलेले, श्रीमंत श्रावकांचा आश्रय असलेले एक जैन केंद्र होते. या मूर्तींचा सविस्तर अभ्यास उमाकांत प्रेमानंद शाह यांनी केला आणि त्यांचा ‘अकोटा ब्राँझेस’ हा ग्रंथ १९५९ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याच्या पुरातत्त्व विभागाने प्रसिद्ध केला. मोजक्याच मूर्तींवर वर्षाचा उल्लेख असल्यामुळे शाह यांना मुख्यतः लेखांतील अक्षरांच्या वळणावरून आणि मूर्तींच्या शैलीवरून काळ ठरवावा लागला. अक्षरांचे आकार शतकागणिक बदलत जातात आणि त्या बदलांच्या आधारे लेखाचा काळ काढता येतो. या विद्येला पुराभिलेखशास्त्रात फार महत्त्व आहे.

या संग्रहातील सर्वांत प्राचीन मानली जाणारी मूर्ती ऋषभनाथांची, म्हणजे पहिल्या तीर्थंकरांची आहे. ती उभी असून तिचे पीठ नाहीसे झाले आहे आणि शरीराचाही काही भाग भंगलेला आहे. असे असूनही ती पाहणाऱ्याचे लक्ष तत्काळ वेधून घेते: डोळ्यांत चांदी बसविलेली आहे, खालच्या ओठाला तांब्याचा जडाव आहे, केसांच्या बटा खांद्यांवर रुळत आहेत आणि चेहऱ्यावर गुप्तकालीन शिल्पात दिसणारी अंतर्मुख शांतता आहे. खांद्यावरील या बटांमुळेच ती ऋषभनाथांची असल्याचे ओळखता येते, कारण चोवीस तीर्थंकरांपैकी केवळ त्यांनाच तसे केस दाखविण्याची परंपरा आहे. या मूर्तीचे दुसरे वैशिष्ट्य इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. तिच्या कमरेला धोतर आहे. जैन धर्मात तीर्थंकरांना वस्त्ररहित मानणारा दिगंबर आणि साधूंनी श्वेत वस्त्रे धारण करावीत असे मानणारा श्वेतांबर असे दोन प्रमुख संप्रदाय आहेत. त्यांच्यातील मतभेद पुरातन असले, तरी मूर्तिकलेत ते केव्हा उमटू लागले हे ठरविण्यासाठी पुरावा हवा होता. वस्त्र ल्यालेल्या तीर्थंकराची आजवर ज्ञात असलेली ही सर्वांत जुनी मूर्ती असल्याचे शाह यांनी दाखवून दिले.

जीवंतस्वामींच्या दोन मूर्तींना असेच वेगळे महत्त्व आहे. जीवंतस्वामी म्हणजे गृहत्यागापूर्वीचे, राजपुत्र असतानाच ध्यानमग्न झालेले महावीर. त्यांच्या हयातीतच त्यांची चंदनाची प्रतिमा घडविली गेली, अशी कथा जैन परंपरेत सांगितली जाते. या कल्पनेला अनुसरून अकोट्याची मूर्ती कायोत्सर्ग मुद्रेत, म्हणजे दोन्ही हात बाजूस सरळ सोडून देहभान विसरून उभे राहण्याच्या स्थितीत आहे, परंतु तिच्या मस्तकावर मुकुट, गळ्यात अलंकार आणि अंगावर राजाला शोभणारे वस्त्र आहे. वैराग्य आणि वैभव एकाच देहावर दाखविण्याचे हे कठीण काम त्या अनामिक कारागिराने ज्या संयमाने साधले आहे, त्याला भारतीय धातुशिल्पात फार थोडी उदाहरणे तोडीची सापडतील. यांपैकी सहाव्या शतकातील एका मूर्तीच्या पीठावरील लेख सांगतो की, ही जीवंतस्वामींची प्रतिमा चंद्रकुलातील नागीश्वरी या श्राविकेचे धर्मदान आहे. ‘कुल’ येथे घराणे या अर्थाने येत नाही, तर साधूंची गुरुपरंपरा या अर्थाने येते, आणि श्राविका म्हणजे गृहस्थाश्रमी जैन स्त्री. राजांच्या वंशावळींनी भरलेल्या त्या काळात एका गृहिणीचे नाव धातूवर टिकून राहिले, ही या लेखाची मोठीच देणगी आहे. दुसऱ्या काही लेखांत निवृतिकुलातील जिनभद्र वाचनाचार्य यांचे नाव येते, आणि ‘विशेषावश्यकभाष्य’ या प्रख्यात प्राकृत ग्रंथाचे कर्ते जिनभद्रगणी क्षमाश्रमण ते हेच, असे शाह यांचे प्रतिपादन आहे.

याखेरीज सिंहावर बसलेली, मांडीवर मूल आणि हाती आंब्याचा घोस घेतलेली अंबिका, तसेच स्थूल उदराचा सर्वानुभूती यक्ष यांच्या आकृती या निधीत वारंवार दिसतात. यक्ष आणि यक्षी म्हणजे तीर्थंकरांचे रक्षक देव-देवी. पुढील काळात प्रत्येक तीर्थंकराची स्वतंत्र यक्ष-यक्षी जोडी निश्चित झाली. अकोट्याच्या प्रारंभीच्या मूर्तींत मात्र कोणत्याही तीर्थंकराच्या दोन्ही बाजूंस हीच एक जोडी आढळते, त्यामुळे ती व्यवस्था विकसित होण्यापूर्वीची अवस्था येथे प्रत्यक्ष पाहता येते. सामान्य रसिकांत सर्वाधिक लोकप्रिय आहे ती सुमारे आठव्या शतकातील चामरधारिणी. चवरी ढाळणारी ही सेविका देहाला डौलदार बाक देऊन उभी आहे आणि तिच्या अंगाला चिकटलेल्या वस्त्रावरची नक्षी धातूतही मऊ सुताचा भास निर्माण करते.

अशा मूर्ती मधूच्छिष्ट विधानाने, म्हणजे मेणाच्या साहाय्याने ओतल्या जात, आणि या विधीचे वर्णन बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आले आहे. प्रथम मूर्ती मेणात घडवून तिच्यावर मऊ मातीचे लेप दिले जात. साचा वाळल्यावर तो तापविला की मेण वितळून छिद्रावाटे बाहेर पडे आणि त्या पोकळीत वितळलेली धातू ओतली जाई. धातू थंड झाल्यावर साचा फोडावा लागत असल्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती निघे, आणि ओतताना चूक झाली तर सारे श्रम पुन्हा करावे लागत. चांदीचे डोळे व तांब्याचे ओठ त्यानंतर बसविले जात.

या मूर्ती आज सयाजीबागेतील बडोदा म्युझियम अँड पिक्चर गॅलरी या संग्रहालयात आहेत. सयाजीबाग १८७९ मध्ये उभारली गेली आणि रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये झाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळराव नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला १८७५ मध्ये दत्तक घेऊन गादीवर बसविले गेले, आणि पुढे त्याच सयाजीरावांच्या राजवटीत संग्रहालय, महाविद्यालय व प्राच्यविद्येचे संशोधन करणारी संस्था यांची पायाभरणी झाली. अकोट्याचा निधी सापडला तेव्हा बडोद्यात तो ठेवण्यास संग्रहालय होते, त्याचे लेख वाचण्यास संस्कृत व प्राकृत जाणणारे विद्वान होते आणि भूमी शास्त्रशुद्ध रीतीने खोदण्यास १९४९ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ होते. स्वतः शाह हे ओरिएंटल इन्स्टिट्यूट या प्राच्यविद्या संस्थेशी निगडित होते. सयाजीरावांची थोरवी त्यांच्या राजवाड्यापेक्षा या संस्थांत अधिक शोधावी, असे म्हणण्यास अकोट्याचे उदाहरण पुरेसे आहे.

अकोट्यापासून सुरुवात केली की शहरातील अन्य स्थळांचा क्रमही कळू लागतो. लक्ष्मीविलासच्या आवारातील नवलखी वाव ही पायऱ्यांची विहीर १४०५ सालच्या लेखाने गुजरातच्या सुलतानीच्या उदयकाळाशी जोडलेली आहे, तर प्रतापनगरचा हजिरा म्हणजे अकबराचा सरदार कुत्बुद्दीन मुहम्मद खान याची सोळाव्या शतकातील कबर होय. लहरीपुरा, चांपानेर, पाणी आणि गेंडी या चार दरवाजांनी वेढलेल्या जुन्या शहराच्या मध्यभागी मांडवी ही वास्तू उभी आहे. मराठी पाहुण्याने तांबेकरवाडा चुकवू नये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांच्या या लाकडी वाड्याच्या भिंतींवर कृष्णलीला, महाभारतातील प्रसंग आणि तत्कालीन मराठी समाजजीवन यांची चित्रे रंगविलेली असून, ही चित्रे पाहण्यास वेळ काढणारे फार थोडे, ही खेदाची गोष्ट आहे. लक्ष्मीविलासचे बांधकाम १८७८ मध्ये चार्ल्स मँट याच्या आराखड्याने सुरू झाले आणि त्याच्या मृत्यूनंतर चिझमने १८९० मध्ये ते पूर्ण केले. न्यायमंदिर १८९६ चे आहे. १९३६ मध्ये सयाजीरावांनी पूर्वजांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भव्य भित्तिचित्रे आहेत आणि त्यांतील गंगावतरण तर अवश्य पाहण्याजोगे आहे.

अकोट्यात आज रुंद रस्ते, क्रीडागार, नाट्यगृह आणि उंच इमारती आहेत. प्राचीन अंकोट्टक तेथे डोळ्यांना फारसे दिसत नाही. ते पाहावयाचे तर संग्रहालयात जावे लागते. तेथे आलेली गर्दी बहुधा देवमाशाच्या प्रचंड सांगाड्यापाशी आणि इजिप्तच्या ममीपाशी थांबते. बडोद्यासाठी ज्याच्याजवळ एकच दिवस आहे, त्याने राजवाड्याचा वेळ थोडा कमी करावा, पण ऋषभनाथ, जीवंतस्वामी आणि चामरधारिणी यांच्यासाठी एक तास राखून ठेवावा आणि पीठावरचे लेख जवळून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.