नव्या तळ्यातील बिनबोलावलेले पाहुणे

मृगाच्या सरी जवळ आल्या की मिस्सानंतर कोणी ना कोणी गाठून विचारतो, "फादर, तळे खणून झाले, पाणीही भरले. आता माशांचे बी कधी सोडू?" माझे उत्तर ठरलेले असते, "अजून थोडा थांब." हे ऐकून पुष्कळांचा चेहरा उतरतो. तो का उतरू नये, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम माझीच चूक सांगतो. वसतिगृहाच्या मागे आम्ही १० गुंठ्यांचे तळे खणले. नव्याने खणलेले तळे म्हणजे स्वच्छ तळे, अशी माझी समजूत होती. शेजारच्या नाल्याला चर काढून पाणी आत घेतले आणि चार दिवसांत ५०० बोटुकल्या सोडल्या. मुलांनी वर्षभर न चुकता कोंडा व पेंड टाकली. जाळे ओढले तेव्हा कटला, रोहू, मृगळ मिळून शंभरसुद्धा निघाले नाहीत. निघाल्या त्या हातभर लांबीच्या मरळी आणि टोपल्या भरून चिलापी. मुलांच्या तोंडचा घास या पाहुण्यांनी खाल्ला होता. दोष बी देणाऱ्याचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

हे पाहुणे येतात कोठून? पावसाबरोबर आभाळातून मासे पडतात, असे आपल्याकडे अजून काही जण म्हणतात. तसे समजून बसू नये. त्यांच्या येण्याच्या वाटा साध्या आहेत. पहिली वाट पाण्याची. नाला, कालवा किंवा जुने गावतळे यांच्या पाण्यातून अंडी व बारीक पिले आत येतात. दुसरी वाट बियाण्याच्या पिशवीची. तिसरी ओल्या जाळ्यांची व बादल्यांची. चौथी त्यांच्या स्वतःच्या पंखांची व पोटाची. पाणकिडे उडत येतात. मरळीला वरची हवा घेता येते, म्हणून पावसाळी रात्री ती ओल्या गवतातून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जाते. पाचवी वाट माणसाच्या हौसेची. शोभेच्या काचपेटीतील मासा मोठा झाला की लोक तो जवळच्या पाण्यात सोडून देतात. दक्षिण अमेरिकेतला चिलखती अंगाचा सकर मासा असाच सुटून आपल्या दक्षिणेच्या अनेक नद्यांत व जलाशयांत पसरला आहे. तो जाळी फाडतो व काठाला बिळे पाडतो.

हैदराबादेत शोभेच्या माशांच्या दुकानात काम करणारा आपला एक तरुण नाताळात घरी आला होता. समुद्राच्या पाण्याची नवी काचपेटी मांडताना तिच्यात समुद्रातील जिवंत खडक ठेवतात. त्या खडकाच्या भोकांतून काटेरी किडे, शिकारी कोळंब्या आणि तुकडा तुटला तरी त्यातून पुन्हा वाढणारी बारीक समुद्रफुले लपून येतात, असे तो सांगत होता. म्हणून जाणते लोक तो खडक काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून तपासतात आणि मगच मुख्य पेटीत घालतात. त्याची पेटी हातभर लांब, आपले तळे १० गुंठ्यांचे. परंतु नियम एकच : बाहेरून आलेली वस्तू आधी अंगणात थांबवावी, मग घरात घ्यावी.

आता पाहुणे ओळखू या.

मांसाहारी मासे. मरळ, शिंगटा, शिवडा व मागूर हे बोटुकल्या गिळतात. मरळ हा तेलंगण राज्याचा मासा म्हणून मानाचा व बाजारात महागही आहे, परंतु रोहूच्या तळ्यात तो मेंढरांतला लांडगा ठरतो. परदेशी मागूर तर पाळूच नये, त्यावर बंदी आहे.

वाटेकरी मासे. चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली. मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते आणि दोन-तीन महिन्यांची झाली की विऊ लागते. तोंडात पिले घेतलेली एकच मादी आली तरी वर्षाअखेर तळे तिच्या वंशाचे होते.

किडे, गोगलगायी व वनस्पती. पाणकिडे व चतुरांची पिले लहान मत्स्यजिऱ्यांवर तुटून पडतात. माशांच्या उवा अंगाला चिकटून रक्त पितात. काही पाणगोगलगायींतून गुरांना यकृताचे कृमी होतात, म्हणून त्यांची उपेक्षा करू नये. जलपर्णीचे एक रोपटेही पुरे होते, आणि तिच्या आडोशाला डास वाढतात.

उपाय क्रमाने असे करावेत.

१. तळे रिकामे करता येत असेल तर उन्हाळ्यात तळाला खोल भेगा पडेपर्यंत वाळवावे. यापेक्षा स्वस्त औषध नाही. वरवर वाळवू नये, मरळ ओल्या चिखलात दम धरून राहते.

२. पाणी काढता येत नसेल तर मोहाची पेंड वापरावी. तेलुगूत ज्याला इप्प म्हणतात तो मोह आपल्या जिल्ह्याच्या रानात भरपूर आहे. टोळंबीचे तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते कल्ल्यांतून माशाच्या रक्तात जाऊन तांबड्या पेशी फोडते. १० गुंठे तळ्यात एक मीटर पाणी असल्यास २०० ते २५० किलो पेंड लागते. पाणी निम्मे केल्यास पेंडही निम्मी. पेंड भिजवून सगळीकडे सारखी पसरावी व जाळे फिरवावे. काही तासांत मासे वर येतात. ते लगेच काढल्यास खाण्यास हरकत नाही. पेंडीचा विषार सुमारे तीन आठवड्यांत ओसरतो व तिचे खत होते. मी "थांब" म्हणतो ते याच तीन आठवड्यांसाठी.

३. पाणी घेण्याच्या तोंडाशी बारीक नायलॉन जाळी दुहेरी बांधावी व रोज झटकावी. सांडव्यालाही जाळी हवी.

४. बी सोडण्यापूर्वी दहा बोटुकल्या कापडी हाप्यात घालून एक दिवस तळ्यात ठेवाव्यात. त्या तरतरीत राहिल्या तर पाणी निवळले असे समजावे.

५. बियाण्याची पिशवी १५-२० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी. नंतर बी जाळीवर गाळून पांढऱ्या टबात घ्यावे व डोळ्यांखालून घालावे. सापासारखे डोके म्हणजे मरळ. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर काटेरी पर म्हणजे चिलापी. ती वेगळी काढावी. पिशवीतील पाणी तळ्यात ओतू नये.

६. मग १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम खडे मीठ विरघळवून बोटुकल्यांना दोन-तीन मिनिटे त्यात ठेवावे. त्या कासावीस झाल्या तर लगेच बाहेर काढाव्यात.

७. मत्स्यजिरेच वाढवायचे असतील तर सोडण्याच्या आदल्या दिवशी, वारा नसताना, गुंठ्याला सुमारे ५६० ग्रॅम खाद्यतेल व १८० ग्रॅम साबण यांचे मिश्रण शिंपडावे. वर येऊन श्वास घेणारे किडे त्या थराखाली गुदमरतात. चतुराच्या पिलांना पाण्यातच श्वास घेता येतो, म्हणून ती जाळ्यानेच काढावी लागतात. बोटुकल्या सोडणाऱ्यांना या खटाटोपाची गरज नाही.

८. पुढे उवा दिसल्यास तळ्यात फळ्या किंवा बांबू उभे करावेत. उवा त्यांवर अंडी घालतात. ते दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवावेत.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. आपल्या भागात घरोघरी कापसावर फवारण्याचे औषध उरलेले असते. त्यातले झाकणभर टाकले की काम होईल, असा सल्ला देणारे भेटतात. ते औषध माशांबरोबर तळ्यातले सारे जीवन मारते, गुरांच्या पाण्यात उतरते आणि तरंगलेले मासे कोणी नेऊन शिजवले तर घरात मरण आणते. माशासाठी माणूस गमावू नये.

प्रभू येशूच्या गव्हातील निंदणाच्या दाखल्यात धनी चाकरांना कापणीपर्यंत थांबायला सांगतो. एका भाविकाने मला हसत विचारले, "मग तळ्यातले निंदण आम्ही आधीच का काढावे?" मी म्हणालो, "बाबा, तो धीर माणसांसाठी आहे. पापी माणूस बदलू शकतो. मरळ काही रोहू होत नाही." शेजाऱ्याच्या बाबतीत कापणीपर्यंत थांबावे. तळ्याच्या बाबतीत पेरणीच्या आधी थांबावे. तेवढे तीन आठवडे धीर धरला तर पुढच्या वर्षी जाळे ओढताना मुलांच्या ताटात काय पडेल, याची काळजी राहणार नाही.