फझ फेसच्या डबीत काय असते?

लंडनच्या आर्बिटर कंपनीने 1966 मध्ये आणलेले आणि जिमी हेंड्रिक्समुळे गाजलेले 'फझ फेस' हे पेडल, म्हणजे गिटारचा स्वर मुद्दाम खरखरीत करणारे व पायाने चालू-बंद करायचे उपकरण, उघडले असता त्या प्रशस्त गोल डबीत दोन ट्रान्झिस्टर आणि मोजके रेझिस्टर व कपॅसिटर एवढाच ऐवज आढळतो. पहिला ट्रान्झिस्टर गिटारकडून आलेला क्षीण विद्युतसंदेश वाढवतो, दुसरा तो आणखी वाढवू पाहतो. परंतु 9 व्होल्टच्या बॅटरीपलीकडे व्होल्टता जाऊ शकत नसल्याने लहरीची शिखरे छाटली जातात आणि मूळ स्वरात नसलेले उच्च स्वरांश निर्माण होतात.

जुन्या पेडलची ओळख पटवताना ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे की सिलिकॉनचे, हा कळीचा प्रश्न असतो. आरंभीच्या पेडलांतील एनकेटी 275 हा जर्मेनियमचा, पीएनपी प्रकारचा असल्याने तेथे बॅटरीचे धन टोक डबीच्या धातूला, अर्थात 'ग्राउंड'ला जोडलेले असते, तर नंतरच्या बीसी 108 या सिलिकॉनच्या एनपीएन ट्रान्झिस्टरसोबत ऋण टोक. मात्र ट्रान्झिस्टरवरील छापील क्रमांक बदलता येतो (जुन्या वस्तूंच्या बाजारात असे प्रकार होतातच), म्हणून मल्टीमीटरने बेस व एमिटर यांमधील व्होल्टता मोजणे अधिक भरवशाचे ठरते: चालू स्थितीत ती जर्मेनियममध्ये साधारण 0.2, सिलिकॉनमध्ये 0.6 व्होल्टच्या आसपास भरते. जर्मेनियममधील गळती-प्रवाह उष्णतेने वाढत असल्यामुळे तेच पेडल तापलेल्या रंगमंचावर निराळे वाजते.