थेरपीच्या पावत्या आणि मेडिक्लेमचे कलम

नैराश्य किंवा चिंताविकारासाठी मानसशास्त्रज्ञाकडे जायला सुरुवात केली की महिनाभरातच खर्चाचा अंदाज येतो. सीबीटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीत साधारण १२ ते २० सत्रे लागतात. एका सत्राचे दीड हजार रुपये धरले, तर १२ सत्रांचेच १८ हजार होतात. मग घरात कोणीतरी विचारतेच, ‘आपला मेडिक्लेम आहे ना, त्यातून काही मिळणार नाही का?’ कायदा वाचला तर उत्तर ‘हो’ असे वाटते. पॉलिसी वाचली की ते बहुतेक वेळा ‘नाही’ होते.

कायदा आहे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. शारीरिक आजाराच्या उपचारांना ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर तो मानसिक आजारालाही दिला पाहिजे, असे त्याच्या कलम २१(४) मध्ये म्हटले आहे. विमा नियामक ‘इर्डाई’ने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसे परिपत्रक पाठवले. पुढच्या वर्षी मानसिक आजार, ताण आणि मानसशास्त्रीय विकारांवरील उपचार पॉलिसीतून वगळण्यास मनाई केली. तरीही जुन्या पॉलिसींमधील अपवादाचे कलम दाखवून दावे फेटाळले जात राहिले. असे एक प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. कायदा लागू झाल्या दिवसापासून हे कलम विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे, असा निकाल न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाला पुन्हा परिपत्रक काढून मुदत घालून द्यावी लागली. एकच गोष्ट चार वर्षांत दोनदा बजावावी लागते, यावरून कंपन्यांचा उत्साह किती होता ते दिसते.

आता रुग्णालयात दाखल झालेल्या मानसिक रुग्णाचा दावा केवळ आजार मनाचा आहे म्हणून नाकारता येत नाही. थेरपीचा प्रश्न मात्र इथेच अडतो, कारण थेरपीसाठी कोणी दाखल होत नाही. आपल्याकडील बहुतेक आरोग्य पॉलिसी २४ तासांच्या भरतीभोवती रचलेल्या आहेत. ओपीडीचा खर्च त्यात नसतो. मधुमेहाच्या रुग्णालाही डॉक्टरांची फी आम्ही देत नाही, मग समानता पाळलीच की, असे कंपन्या म्हणतात. कायद्याच्या शब्दांपुरते ते खरेही आहे. पण डायलिसिस, केमोथेरपी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांना २४ तासांच्या अटीतून सूट आहे, कारण ते संपूर्ण उपचार असूनही काही तासांत होतात. थेरपीचेही तसेच आहे. सत्र म्हणजे नुसता सल्ला नव्हे, तोच उपचार असतो. तिला या सवलतीच्या यादीत जागा नाही.

दुसरी अडचण व्याख्येत दडलेली आहे. पॉलिसीत ‘वैद्यकीय व्यावसायिक’ कोणाला म्हणायचे ते ठरलेले असते. वैद्यक परिषदेची अथवा भारतीय वैद्यक किंवा होमिओपॅथीच्या परिषदेची नोंदणी असलेली व्यक्ती, असा त्याचा अर्थ. मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर मानसरोगशास्त्राचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो, म्हणून तो त्यात बसतो. होमिओपॅथ बसतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, त्यामुळे तो बसत नाही. मग ओपीडीची सोय असलेल्या पॉलिसीतही गोळ्या लिहून देणाऱ्याची फी मंजूर होते आणि तासभर रुग्णाबरोबर बसणाऱ्याची पावती परत येते.

म्हणून ओपीडीचे जादा संरक्षण विकत घेताना एजंटला ‘मेंटल हेल्थ कव्हर आहे का?’ असे विचारून भागत नाही. उत्तर ‘हो’च येईल. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची सत्रे धरली जातात का, वर्षाला किती, एका सत्राला कमाल किती रुपये, आणि ठरलेल्या यादीबाहेरच्या व्यक्तीकडे गेल्यास परतावा मिळतो का, हे लेखी घ्यावे. ओपीडीची वार्षिक मर्यादा पाच हजार आणि तिच्यासाठीचा जादा प्रीमियम चार हजार असेल, तर तो विमा घेऊन फारसे काही साधत नाही. नोकरदारांनी आधी कंपनीची गट पॉलिसी पाहावी. काही गट पॉलिसींमध्ये ओपीडी असते आणि कर्मचाऱ्यांना ते ठाऊकच नसते. काही ठिकाणी कर्मचारी साहाय्य योजनेत ठरावीक सत्रे मोफत मिळतात. त्यासाठी दावाही करावा लागत नाही.

परताव्यासाठी कागद नीट लागतात. मानसोपचारतज्ज्ञाची निदानासह चिठ्ठी आणि त्यावर थेरपीची शिफारस असेल तर दाव्याला पाया मिळतो. निदानासोबत आयसीडी-१० चा संकेतांक असावा: नैराश्याच्या एका झटक्याला एफ-३२, चिंताविकारांना एफ-४१, तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेला एफ-४३. जोडीदाराशी बेबनाव, करिअरचा गोंधळ यांसाठीचे समुपदेशन आजारात मोडत नाही, त्यामुळे तो दावा टिकत नाही. प्रत्येक सत्राची वेगळी पावती घ्यावी, तीवर तारीख आणि नोंदणी क्रमांक असावा. ‘दहा सत्रांचे पॅकेज’ अशी एकच पावती बहुधा परत येते.

रुग्ण दाखल झाला असेल तर चित्र बदलते. भरतीच्या काळातील मानसशास्त्रज्ञाची फी रुग्णालयाच्या बिलातच येते. घरी आल्यानंतरही पॉलिसीप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांपर्यंतचा, त्याच आजाराशी संबंधित खर्च मागता येतो. डिस्चार्ज कार्डावर ‘पुढील थेरपी आवश्यक, आठवड्यातून एकदा’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. घाईत हे राहून जाते, आणि नंतर तेच मागितले जाते.

आणखी एक भीती अनेकांना असते: विमा घेताना आजार सांगितला तर पॉलिसीच मिळणार नाही, शिवाय ऑफिसात कळेल. लपवणे मात्र महागात पडते. पूर्वीच्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. तो संपला की दावा करता येतो. लपवलेली औषधे पुढे दाव्याच्या वेळी जुन्या चिठ्ठीतून बाहेर आली, तर रुग्णालयाचे लाखाचे बिलही अडकू शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर कंपनीला न सांगितलेल्या माहितीचे कारण देता येत नाही. पण फसवणूक सिद्ध झाल्यास हे कवच उरत नाही. गोपनीयतेचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्यात, कलम २३ मध्ये आहे. दाव्यासाठी निदान, तारखा आणि उपचाराचा सारांश द्यावा. सत्रात काय बोलणे झाले याची टिपणे आपण होऊन जोडू नयेत. कागद एचआरच्या टेबलावरून न पाठवता थेट दावा हाताळणाऱ्या संस्थेकडे पाठवावेत.

दावा फेटाळला तर पॉलिसीतील नेमक्या कोणत्या अटीमुळे, हे कंपनीने कळवलेच पाहिजे. २०२४ च्या नियमांनुसार कंपनीतील समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही. पत्रात नुसते ‘पॉलिसीत बसत नाही’ असे असेल तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात लोकपालांची कार्यालये आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा मिळू शकतो. नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

ज्यांच्याकडे विमाच नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि ती मराठीतही बोलते.