बाया हेर होऊ शकतात का?

(इयत्ता चौथी)



आमच्या इतिहासात बहिर्जी नाईक आहेत. ते शिवाजी महाराजांचे हेर. वेष पालटून शत्रूच्या मुलखात जायचे नि खबर आणायचे. तो भाग चालू असताना मी विचारले, "गुरुजी, बाया पण हेर होत्या का?" तर मागच्या रांगेतला एक मुलगा (नाव लिहीत नाही, त्याला कळेल) म्हणाला, "बायांच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्या कसल्या हेर!" सगळा वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला नूर इनायत खान हिची हकीकत सांगितली. ती मी घरी जाऊन वहीत उतरवली आणि जे राहिले ते परत विचारून घेतले.

नूरचा जन्म १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्को शहरात झाला. पण तिचे वडील आपल्या बडोद्याचे. ते मोठे गवई होते. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांना गायकवाड महाराजांचा आश्रय होता आणि बडोद्याची गायनशाळा त्यांनीच सुरू केली. हे घराणे टिपू सुलतानाच्या वंशातले. नूरची आई अमेरिकेची. सगळे फ्रान्स देशात पॅरिसजवळ राहायचे. नूर तेरा वर्षांची असताना वडील वारले. मग थोरली म्हणून धाकट्या तीन भावंडांचे तीच बघायची. पुढे ती मुलांसाठी गोष्टी लिहू लागली. १९३९ साली तिचे जातककथांचे पुस्तक निघाले. माकडांचा राजा आपल्या पाठीचा पूल करून सगळ्या माकडांना पलीकडे नेतो, ती गोष्ट त्यात आहे.

१९४० साली जर्मनीने फ्रान्स घेतला. नूरचे घरचे जहाजाने इंग्लंडला गेले. तिथे ती विमानदलात दाखल झाली आणि बिनतारी यंत्र चालवायला शिकली. त्यात बोलायचे नसते. 'टिक' आणि 'टीऽऽक' असे दोनच आवाज. त्यांचीच सगळी अक्षरे होतात. आम्ही बाकावर पेन्सिलीने करून बघितले, पण दोन अक्षरांपुढे गाडी गेली नाही.

१९४३ साली तिला फ्रान्समध्ये पाठवायचे ठरले, कारण तिला फ्रेंच भाषा तिथल्या माणसांसारखी यायची. पण शिकवणारे काही अधिकारी म्हणाले, ही या कामाची नाही, हिला खोटे बोलता येत नाही. इथे मी अडले. आमच्या फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' असा सुविचार असतो. मग हेर लबाड म्हणायचा का? गुरुजी म्हणाले, तूच विचार कर. मला वाटते, लबाडी माणूस स्वतःच्या फायद्यासाठी करतो. नूरला यात कसला फायदा होता?

जून महिन्यात चांदण्या रात्री एक छोटे विमान तिला फ्रान्समध्ये एका शेतात उतरवून गेले. तिथे तिचे गुप्त नाव मादलेन. थोड्याच दिवसांत तिचे बरेचसे सोबती पकडले गेले. लंडनहून तिला परत बोलावले, पण ती आली नाही. पॅरिसमध्ये निरोप पाठवणारे दुसरे कोणी उरलेच नव्हते. यंत्र मोठ्या पेटीएवढे आणि जड. त्याची लांब तार बाहेर टांगायची. जर्मन लोक मोटारीत यंत्रे घालून रस्त्यांवर फिरत आणि निरोप कुठल्या घरातून जातो ते हुडकत. म्हणून थोडेसेच टिकटिक करायचे, पेटी उचलायची नि दुसऱ्या घरी पळायचे. असे काम करणारा सहा आठवडेच टिकतो असे मानत. नूर जवळजवळ चार महिने टिकली.

एक चूक मात्र तिच्याकडून झाली. पाठवलेले सगळे निरोप ती एका वहीत जपून ठेवायची. ऑक्टोबर १९४३ मध्ये कोणीतरी तिचा पत्ता फोडला. ती सापडली नि वहीपण सापडली. जर्मनांनी मग तिच्याच यंत्रावरून खोटे निरोप पाठवले आणि लंडनला ते खरे वाटले. त्यामुळे पुढे विमानातून छत्रीने उतरलेली माणसे सरळ जर्मनांच्या हातात पडली. त्यांत मादलेन दामरमाँ नावाची बाईही होती. हे सांगू नये असे मला आधी वाटले, पण गुरुजी म्हणाले, लिही.

नूर कैदेतून छपरावरून पळाली होती, पण परत धरली. पुन्हा पळणार नाही असे लिहून दे म्हणाले, तर तिने दिले नाही. मग तिला जर्मनीत नेऊन हातापायांत साखळ्या घालून एकटीला कोंडले. असे दहा महिने. तिने सोबत्यांची काहीच माहिती दिली नाही. जेवणाच्या भांड्याच्या बुडाला ती ओरखडे काढून अक्षरे लिहायची, म्हणजे दुसऱ्या कैद्यांना कळावे. आमच्या आईच्या भांड्यांवर मामाने नाव घालून दिले आहे. ती घासताना मला आता नूर आठवते.

१३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाउ येथे चार बायांना गोळ्या घातल्या. त्यांत नूर होती, आणि ती मादलेन दामरमाँ पण होती. नूर तीस वर्षांची होती. १९४९ साली इंग्लंडने तिला जॉर्ज क्रॉस हे पदक दिले. २०१२ साली लंडनच्या एका बागेत तिचा पुतळा बसवला.

हकीकत संपली तेव्हा तो मागच्या रांगेतला मुलगा गप्प होता. पण सुट्टीत येऊन म्हणाला, "गुरुजींनी मधेच एक लाकडी पायाची बाई सांगितली, तिचे काय झाले?" म्हणून तेही लिहिते. तिचे नाव व्हर्जिनिया हॉल, अमेरिकेची. शिकारीला गेली असताना आपल्याच बंदुकीची गोळी लागून तिचा डावा पाय गेला. लाकडी पायाला तिने कथबर्ट असे नाव ठेवले होते. फ्रान्समध्ये ती हेर होती. १९४२ च्या नोव्हेंबरात जर्मन मागे लागले तेव्हा ती बर्फाचा डोंगर चालत ओलांडून स्पेनला गेली. कथबर्ट त्रास देतो असे तिने लंडनला कळवले, तर तिकडच्या साहेबाला वाटले हा कोणी माणूस आहे, नि त्याने उलट कळवले की मग त्याला संपवून टाका. १९४४ साली ती म्हातारीचे सोंग घेऊन पुन्हा फ्रान्समध्ये गेली. जर्मनांच्या हाती ती कधीच लागली नाही. खरोखरची म्हातारी होऊन १९८२ साली वारली.