गालिचा सफाईत फिरत्या यंत्राचे मोल

घर्षण देणारे, पाणी वाचवणारे 'सिंगल डिस्क मशीन' उपयुक्त असले तरी त्याच्या मर्यादा ओळखणे गरजेचे

नरिमन पॉइंट किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातील कार्यालये सायंकाळी रिकामी झाली, की तेथे सफाई कामगारांची पाळी सुरू होते. या कामात एक यंत्र हमखास दिसते. जमिनीलगत गोल फिरणारा ब्रश, त्याच्यावर मोटार आणि मागे कमरेपर्यंत येणारा दांडा, अशी त्याची साधी रचना. सफाई व्यवसायात ते 'सिंगल डिस्क मशीन' या नावाने ओळखले जाते. फरशी घासण्यासाठी आणि संगमरवराला चकाकी आणण्यासाठी त्याचा सर्रास वापर होतो. गालिच्यांच्या सफाईत मात्र त्याच्याविषयी दोन टोकाची मते आढळतात. या यंत्राविना काम निघत नाही, असे काही व्यावसायिक मानतात; तर हे यंत्र गालिच्याची वाट लावते, असे इतरांचे म्हणणे असते. दोन्ही मतांत तथ्य आहे. यंत्र नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, हे समजून घेतले तर हा वाद बव्हंशी मिटतो.

घाण कोठे साचते?

गालिच्यातील मळ दोन प्रकारचा असतो. पहिला प्रकार कोरडी धूळ, वाळूचे कण आणि केस-धाग्यांचा. हा मळ गालिच्याच्या लवेतून खाली उतरतो आणि बुडाशी साचतो. त्यातील टोकदार कण पावलांच्या दाबाने धाग्यांवर घासत राहतात आणि गालिचा झिजतो. दुसरा प्रकार तेलकट मळाचा. स्वयंपाकघरातील वाफ, बुटांना लागलेले डांबर, वाहनांचा धूर, सांडलेला चहा यांचा चिकट थर धाग्यांवर बसतो आणि त्यावर नवी धूळ चिकटत जाते.

कोरडा मळ खेचून काढण्याचे काम व्हॅक्यूम क्लीनरचे. लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये हवा शोषणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. तोपर्यंत गालिचे दोरीवर टांगून काठीने झोडपणे हाच प्रमुख उपाय होता. चिकट मळ मात्र केवळ हवेच्या ओढीने सुटत नाही. तो सोडवण्यासाठी साबणद्रव्य आणि घर्षण या दोहोंची आवश्यकता असते. फिरत्या यंत्राचे काम येथे सुरू होते.

चार घटकांचे गणित

सफाईशास्त्रात 'सिनर वर्तुळ' ही कल्पना प्रसिद्ध आहे. जर्मनीतील हेन्केल कंपनीतील रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये ती मांडली. कोणतीही सफाई रसायन, तापमान, वेळ आणि यांत्रिक क्रिया या चार घटकांवर अवलंबून असते. यांतील एक घटक कमी केला, तर त्याची भरपाई उरलेल्यांना करावी लागते, असे हे तत्त्व सांगते.

कार्यालयातील गालिच्याला हे तत्त्व लावून पाहिले, की फिरत्या यंत्राचे महत्त्व स्पष्ट होते. वेळ कमी असतो, कारण सकाळी कर्मचारी येण्यापूर्वी गालिचा वाळलेला हवा. इमारतीत गरम पाण्याची सोय असेलच असे नाही. तीव्र रसायन वापरावे, तर लोकरीच्या तंतूंना अल्कली सोसत नाही आणि रंग उतरण्याची भीती असते. उरतो तो एकच घटक, घर्षण.

गालिच्यासाठी वापरले जाणारे यंत्र बहुधा १७ इंचांचे, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर व्यासाचे असते आणि मिनिटाला साधारण १५० ते २०० फेरे घेते. १७५ फेऱ्यांचा वेग धरला, तर ब्रशचा बाहेरचा काठ मिनिटाला सुमारे २३६ मीटर अंतर कापतो. ताशी हा वेग १४ किलोमीटर होतो. शिवाय यंत्राचे वजन ब्रशवर पडत असल्याने दाबही सारखा राहतो. गुडघ्यावर बसून हाताने घासणाऱ्या कामगाराला रात्रभर असा सारखा वेग आणि दाब देणे अशक्य आहे.

शॅम्पूपासून बॉनेटपर्यंत

या यंत्राने गालिचा धुण्याची जुनी पद्धत शॅम्पूची. दांड्यावर बसवलेल्या टाकीतून साबणाचे पाणी ब्रशमधून खाली झिरपते आणि ब्रश त्याचा फेस करून लव घासतो. या पद्धतीत मळ सुटतो खरा, पण फेस पूर्णपणे काढला गेला नाही, तर साबणाचा चिकट अंश धाग्यांवर राहतो. मग स्वच्छ दिसणारा गालिचा थोड्याच दिवसांत पुन्हा मळतो. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून गरम पाणी दाबाने सोडून लगेच शोषून घेणारी 'एक्स्ट्रॅक्शन' पद्धत रुजली, त्यामागे हेही एक कारण होते.

तथापि फिरते यंत्र मागे पडले नाही. आज त्याचा वापर प्रामुख्याने तीन प्रकारे होतो. पहिला, एक्स्ट्रॅक्शनपूर्वी फवारलेले द्रव्य धाग्यांत मुरवण्यासाठी. दुसरा, 'बॉनेट' पद्धतीत. यात ब्रशऐवजी सुती किंवा मायक्रोफायबरचे जाड गोल पॅड लावतात. द्रव्य फवारून पॅड फिरवले, की वरच्या थरातील मळ पॅडमध्ये शोषला जातो. तिसरा प्रकार 'एन्कॅप्सुलेशन'चा. यातील द्रव्यात असलेला पॉलिमर मळाला वेढतो, वाळल्यावर ठिसूळ कणांत बदलतो आणि नंतर व्हॅक्यूमने निघून जातो.

पावसाळ्यातील कसोटी

बॉनेट आणि एन्कॅप्सुलेशन या कमी पाण्याच्या पद्धती असल्याने किनारपट्टीवरील शहरांत त्यांचे महत्त्व वाढते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता अनेकदा ८५ टक्क्यांच्या वर असते. हवाच पाण्याने भरलेली असताना गालिच्यातील पाणी उडून जाणार कसे? एक्स्ट्रॅक्शनने धुतलेला गालिचा एरवी सहा ते बारा तासांत वाळतो. पावसाळ्यात त्याला त्याहून बराच अधिक वेळ लागू शकतो. ओला राहिलेला गालिचा कुबट वास धरतो आणि त्यावर बुरशी वाढते. खाली तागाचा थर असेल, तर अति पाण्याने त्याचा तपकिरी रंग वर येतो, प्रसंगी गालिचा आकसतो.

आणखी एक अडचण डागांची. समईतील वात जसे तेल वर ओढते, तसे वाळणारे धागे बुडाशी असलेला विरघळलेला मळ वर ओढतात. रात्री गेलेला डाग सकाळी पुन्हा दिसू लागतो. पाणी जितके कमी, तितका हा धोका कमी. बॉनेटने साफ केलेला भाग बहुधा एक-दोन तासांत चालण्याजोगा होतो, त्यामुळे हॉटेलांचे मार्ग, चित्रपटगृहे आणि चोवीस तास चालणारी कार्यालये या पद्धतीला पसंती देतात.

यंत्राला न जमणारे काम

फिरते यंत्र मळ सोडवते आणि पसरवते. तो खेचून बाहेर काढत नाही. ही त्याची मुख्य मर्यादा आहे. बॉनेट केवळ वरच्या थरातील मळ टिपते. वर्षानुवर्षे तेवढेच करत राहिले, तर गालिचा वरून उजळ दिसतो आणि बुडाशी वाळू व रसायनाचा गाळ साठत जातो. आधी व्हॅक्यूम न करता यंत्र फिरवले, तर कोरड्या धुळीचा चिखल होतो. व्यावसायिक गालिचा सफाईसाठीचे 'एस१००' हे अमेरिकेतील आयआयसीआरसी या संस्थेचे मानकही ओल्या प्रक्रियेपूर्वी कोरडा मळ काढण्यास सांगते. बॉनेटने अधूनमधून देखभाल आणि ठरावीक काळाने एक्स्ट्रॅक्शन, अशी जोड हाच त्यावरचा उपाय ठरतो.

दुसरी मर्यादा गालिच्याच्या विणीची. कार्यालयांतील आखूड, बंद फासांची नायलॉनची वीण हे घर्षण सहज पेलते. टोके कापलेल्या लांब लवेच्या गालिच्यात मात्र धाग्यांचा पीळ उलगडतो, टोके पिंजारतात आणि गोल फेऱ्यांचे वण उमटतात. हे नुकसान बहुधा भरून येत नाही. काश्मीर किंवा भदोही-मिर्झापूरचे हाताने गाठी मारलेले गालिचे या यंत्रापासून दूरच ठेवावेत. त्यांच्या झालरी ब्रशमध्ये अडकतात आणि रंग एकमेकांत उतरू शकतात.

वेगाबाबतही सावधगिरी हवी. मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेणारी यंत्रे कठीण फरशीच्या चकाकीसाठी असतात. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळतात. वेगवान घर्षणाच्या उष्णतेने त्यांवर कायमचे चकाकते चट्टे पडू शकतात.

चालवणाऱ्याचे कसब

हे यंत्र ढकलून चालत नाही, ते तोलून चालवावे लागते. दांडा किंचित उचलला, की यंत्र उजवीकडे सरकते आणि खाली दाबला, की डावीकडे. हे उमगलेला कामगार कमरेच्या टेकूवर आणि बोटांच्या इशाऱ्यावर ते झुलवतो. न उमगलेला कामगार त्याच्याशी झुंजतो. त्याचे खांदे आणि पाठ तर दुखतेच, यंत्र भिंतीवर वा फर्निचरवरही आदळते. नवख्याला थेट गालिच्यावर उभे न करता आधी ओल्या गुळगुळीत फरशीवर सराव देणे इष्ट, कारण गालिच्यावर यंत्राची ओढ अधिक असते.

विजेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. पाणी आणि वीज या कामात शेजारी असतात. तीन पिनांचा प्लग, चालू स्थितीतील अर्थिंग आणि ईएलसीबी यांची खात्री करूनच यंत्र सुरू करावे. वायर खांद्यावरून मागे ठेवावी, म्हणजे ती ब्रशखाली येत नाही. पदर, ओढणी आणि मोकळे केस आवरलेले असावेत. पॅड बदलताना केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढायलाच हवा.

लहान ठेकेदारासाठी या यंत्राचे आर्थिक मोल त्याच्या बहुउपयोगात आहे. ब्रश किंवा पॅड बदलून तेच यंत्र कोटा फरशी घासते, संगमरवर उजळते आणि गालिचाही साफ करते. एक्स्ट्रॅक्शनचे यंत्र मात्र गालिचे आणि सोफे यांपुरतेच उपयोगी. त्यामुळे पहिली गुंतवणूक बहुधा फिरत्या यंत्रात होते आणि ते योग्यही आहे. परंतु चुकीच्या गालिच्यावर ते फिरले, तर भरपाईची रक्कम यंत्राच्या किमतीहून मोठी असू शकते. त्यामुळे यंत्रासोबत ते चालवणाऱ्याच्या प्रशिक्षणावर केलेला खर्चही या गुंतवणुकीचाच भाग मानायला हवा.

काम सुरू करण्यापूर्वी

- गालिचा कोणत्या तंतूचा आणि विणीचा आहे, याची मालकाकडे चौकशी करावी.
- कोपऱ्यात द्रव्य लावून पांढऱ्या फडक्याने टिपावे. फडक्याला रंग लागल्यास काम थांबवावे.
- संपूर्ण भाग व्हॅक्यूम करावा, त्यानंतरच द्रव्य फवारावे.
- फरशीचे खरखरीत काळे पॅड गालिच्यावर लावू नये.
- पॅड मळताच उलटावे, दोन्ही बाजू मळल्यावर बदलावे. धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य वापरू नये. त्याने पॅडची शोषणक्षमता घटते.
- काम संपल्यावर पंखे लावावेत आणि यंत्राचा ब्रश काढून ठेवावा. यंत्राच्या भाराखाली राहिल्यास त्याचे केस वाकतात.