‘पिसाळणे’ : एक शब्द, अनेक व्याधी

मराठी भाषिक ज्या कुत्र्याला ‘पिसाळलेला’ म्हणतो, त्याला बंगळूरचा कन्नड भाषिक ‘हुच्चु नायी’ म्हणतो. दोन्ही शब्द वेडाचे आहेत. मराठी शब्दाचे ‘पिसे’शी असलेले नाते उघड आहे. मात्र ते वर्तन सांगतात, कारण सांगत नाहीत.

कारणे भिन्न असू शकतात. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंच्या मार्गे मेंदूत पोहोचतो. गोचिडीमार्फत शिरणारा बबेशिया हा एकपेशीय परजीवी तांबड्या रक्तपेशींत वाढतो. क्वचित अशा पेशी मेंदूच्या केशवाहिन्यांत साचतात; मग कुत्रा झोकांड्या खातो, त्याला आकडी येते. १९८८ साली नामकरण झालेला निओस्पोरा हा परजीवी पिल्लांच्या मज्जामुळांना व स्नायूंना ग्रासतो आणि त्यांचे मागील पाय ताठरतात. गल्लत केवळ लोकभाषेचीच झाली असे नाही. १९०३ मध्ये आदेल्की नेग्री यांना रेबीजग्रस्त मेंदूपेशींत जे कण आढळले, ते त्यांनी परजीवीच मानले होते.

हा भेद जीवनमरणाचा आहे. बबेशियावर औषध आहे. लक्षणे उमटलेल्या रेबीजमधून कुत्रा वाचत नाही. रेबीजचे खात्रीचे निदान मृत्यूनंतर मेंदूच्या ऊतींवरून होते. बंगळुरात निम्हान्स व हेब्बाळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय येथे अशा प्रयोगशाळा आहेत. म्हणून ज्याला कुत्रा चावला, त्याने निदानाची वाट न पाहता जखम साबणपाण्याने धुऊन तत्काळ लस घ्यावी. अडखळणाऱ्या कुत्र्यापासून मात्र दूर राहून पशुवैद्यास बोलवावे. एका शब्दाच्या आधारे त्याच्यावर दगड उचलू नये.