पाऊस अडवला, पण घामाचं काय?

परभणी जिल्ह्यात पाण्याची मोटर जळाली की पहिला संशय व्होल्टेजवर जातो, आणि पुष्कळदा तो खराही असतो. स्टार्टर ज्या पेटीत बसवलाय तिच्यावर मात्र सहसा कोणी संशय घेत नाही. विहिरीच्या कडेला एक खांब, त्यावर बारीक पत्र्याची पेटी, कडी तुटली म्हणून दाराला बांधलेली तार आणि मृग लागला की वरून खताचं रिकामं पोतं. जिंतूरच्या डोंगराळ शिवारापासून गोदाकाठच्या गंगाखेडपर्यंत अशा पेट्या जागोजागी दिसतात. पोत्याने पाऊस अडेल. पण पेटीला ऊन, धूळ आणि स्वतःच्या पोटात साचणारा ओलावाही सोसायचा असतो, आणि बिघाड बहुतेक तिथून सुरू होतो.

पेटीवरचे दोन आकडे

चांगल्या पेटीवर ‘आयपी ५४’, ‘आयपी ६५’ असं काहीतरी छापलेलं असतं. हे आकडे आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकातले आहेत. भारतानेही तेच मानक स्वीकारलं आहे. त्यातला पहिला आकडा धुळीचा. ४ असेल तर एक मिलिमीटर जाडीची तारही आत जात नाही. ५ असेल तर थोडी धूळ शिरेल, पण काम बिघडवण्याइतकी नाही. ६ असेल तर धुळीला पूर्ण मज्जाव.

दुसरा आकडा पाण्याचा. ४ म्हणजे कुठल्याही बाजूने उडालेले शिंतोडे चालतात. ५ मिळवायला पेटीवर ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीने मिनिटाला साडेबारा लिटर पाणी मारतात, तर ६ साठी मिनिटाला १०० लिटर. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी नुकसान होण्याइतकं पाणी आत जात नाही. यात एक गोम आहे. नुसती ७ ची चाचणी झालेली पेटी जोराच्या फवाऱ्यापुढे टिकेलच असं नाही, कारण बुडणं आणि मारा सोसणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

मग घ्यावी कोणती? पत्र्याच्या शेडखाली आयपी ५४ भागते. उघड्या शेतात ५५ पेक्षा कमी नको, ६५ मिळाली तर उत्तम. मानवत-सेलूच्या जिनिंगमध्ये पाण्यापेक्षा पहिल्या आकड्याकडे बघायचं. हवेत तरंगणारी रुईची तुसं पेटीत शिरून कॉन्टॅक्टरवर, म्हणजे मोटरचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागावर, बसली आणि तिथे ठिणगी पडली, तर आगीला निमित्त मिळतं. गोदावरी, दुधना, पूर्णा यांच्या काठच्या शेतांत मात्र कुठल्याही आकड्यावर विसंबू नये. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांतल्या अतिवृष्टीसारखा पाऊस झाला की पेटी किती उंचीवर आहे तेवढंच कामाला येतं. आजवरच्या पुराची खूण गावातल्या जुन्या माणसांना माहीत असते. पेटी तिच्या वर बसवावी.

उन्हाने चकवलेला रिले

स्टार्टर, कॉन्टॅक्टर, ब्रेकर या मालाचं मानक आजूबाजूची हवा जास्तीत जास्त ४० अंशांची धरून चालतं. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४४ वर जातो, तोही सावलीतला. उन्हात तापलेल्या गडद रंगाच्या पेटीत हवा त्याहून कितीतरी गरम होते. आतल्या ओव्हरलोड रिलेमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. जास्त करंट वाहिला की ती तापते, वाकते आणि मोटर बंद करते. आधीच तापलेली पट्टी थोडक्यातच वाकते, म्हणून मोटर ठणठणीत असूनही भर दुपारी सारखी ट्रिप होते. वैतागून कोणीतरी रिलेचा काटा वर सरकवून ठेवतं. उन्हाळा सरतो, काटा तिथेच राहतो. पुढे विहिरीतला गाळ पंपात अडकून मोटरवर खरोखर लोड येतो, तेव्हा रिले गप्प बसतो आणि मोटर जळते.

यावरचे उपाय स्वस्त आहेत. पेटी पांढरी किंवा फिकट करड्या रंगाची असावी, गरजेपेक्षा एक माप मोठी घ्यावी, दार पश्चिमेला येऊ देऊ नये. वर चार बोटं अंतर सोडून पत्र्याचं छप्पर बसवावं, म्हणजे मधून वारा खेळतो. सौर पंपाच्या कंट्रोलरला तर मागच्या पंख्यांतून उष्णता बाहेर टाकायची असते. जपायचा म्हणून तो दुसऱ्या पेटीत कोंडला किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, तर तो उन्हाळ्यातच मान टाकतो.

पेटीला सुटणारा घाम

हिवाळ्यात इथे दुपारी ऊन चटका देतं आणि पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. दिवसा पेटीतली हवा फुगून फटींतून बाहेर जाते, रात्री आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. थंड पत्र्याला लागून त्या हवेतल्या वाफेचं पाणी होतं. पेटी जितकी घट्ट, तितकं ते पाणी आत अडकून राहतं. तळाला चूळभर पाणी दिसलं की लोक पावसाला दोष देतात, पण पाऊस जाऊन दोन महिने झालेले असतात. यासाठी तळाशी बसवायचा निचऱ्याचा प्लग मिळतो. तो पाणी बाहेर सोडतो, हवा खेळती ठेवतो आणि मुंग्यांना आत येऊ देत नाही.

मुंग्यांना हलक्यात घेऊ नये. कॉन्टॅक्टरच्या तीनपैकी एका पॉइंटमध्ये त्या चिरडून बसल्या, की तो पॉइंट नीट टेकत नाही. मग मोटर दोनच फेजवर घुरघुरते आणि तापते.

भोक कुठे पाडलं?

आयपीचा आकडा कारखान्यातून निघालेल्या पेटीचा असतो. वायरमनने वरच्या बाजूला ड्रिल मारलं आणि वायर तशीच आत सोडली, की आयपी ६५ ची पेटी साध्या डब्याच्या लायकीची होते. केबल नेहमी खालूनच आत घ्यावी, तिच्या जाडीच्या मापाचा ग्लँड लावून. पेटीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलातून खाली ठिबकतं. न वापरलेली भोकं बुच लावून बंद करावीत. चालू-बंदची बटणं रबरी टोपीसह दारावरच असावीत. रात्रीच्या लाईनीला बॅटरीच्या उजेडात, ओल्या हाताने दार उघडण्याची वेळच येऊ नये.

राहिला प्रश्न पेटी कशाची घ्यायची हा. पावडर कोटिंगची लोखंडी पेटी मजबूत असते, बैलाने अंग घासलं तरी टिकते. पण तिला अर्थिंग हवंच. आयपीचा आकडा शॉकपासून वाचवण्याची हमी देत नाही. फायबरच्या, म्हणजे एसएमसीच्या पेटीला गंज नाही आणि तिच्या अंगात करंट उतरत नाही. आतल्या स्टार्टरचं आणि मोटरचं अर्थिंग मात्र तिथेही सुटत नाही. साधं प्लॅस्टिक उन्हाने दोन-चार वर्षांत ठिसूळ होतं. म्हणून ते उन्हात टिकणारं आहे का, हे दुकानात विचारून घ्यावं. आपल्या काळ्या मातीचं एक वेगळंच दुखणं आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि खांब कलतो. लांबट पेटीची चौकट पिळवटते आणि दार एका कोपऱ्यात उघडं राहतं. खांबाला बुडाशी काँक्रीट घातलं की पेटीचं आयुष्य वाढतं.

मृगाआधी मेन स्विच बंद करून एक तपासणी करता येते. दार आणि रबर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी ठेवून दार लावावं आणि पट्टी ओढून बघावी. चारही बाजूंनी हेच करावं. जिथे पट्टी सहज सरकते तिथे रबर दबत नाही, म्हणजे पाणी तिथूनच जाणार. नवं रबर बसवायला फार खर्च येत नाही. मोटर रिवाइंडिंगला टाकली, की खर्चासोबत ऐन पाण्याच्या पाळीचे दिवसही जातात.